उजवा कौल

त्या सकाळी देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, खोटं कशाला सांगू! लेकीच्या छातीत गाठ निघाली होती. अकरा वाजता ऑपरेशन. "आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं तिनं फोनवर बजावलं होतं. यजमानांनी गावी देवीला गाऱ्हाणं घालून पाठवलेल्या अंगाऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये होती.

हॉस्पिटल दादरला. त्या दिवशी लोकल बंद पडल्या होत्या, म्हणून घाटकोपरहून मेट्रोनं मरोळ नाक्याला आले आणि तिथून भुयारी मेट्रोसाठी खाली उतरले. सरकत्या जिन्यांवर जिने, पाट्याच पाट्या! डोकं गरगरलं. फलाटाच्या दोन्ही अंगांना रूळ. कुणाला विचारायचं तर लाज. मुंबईत जन्म गेला, आता रस्ता विचारू? शिवाय तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. आमच्या गावात देवीच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवीकडची पाकळी पडली की देवीचा होकार. मी पुडी मुठीत धरून म्हटलं, "आई, तूच दाखव." उजवीकडची गाडी आधी आली. झालं, उजवा कौल! चढले.

एक स्टेशन गेलं, दुसरं आलं सीप्झ. वाट लागली! मी उलट्या दिशेला निघाले होते. कशीबशी उतरले आणि बाकड्यावर बसून हमसून हमसून रडले. लादी पुसणारी एक बाई जवळ आली. "मावशी, कुठं जायचंय?" मी सगळं सांगून टाकलं, अगदी कौलासकट.

"अहो, देवी काय मेट्रोनं फिरते होय? विचारायचं ना कुणाला!" असं म्हणत तिनं माझा हात धरला, समोरच्या बाजूला नेलं आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. दादर कितवं स्टेशन तेही माझ्या बोटांवर मोजून दिलं.

पोचले तेव्हा लेकीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. कपाळाला अंगारा लावला. ती हसली आणि आत गेली. देवीच्या कृपेनं सगळं नीट झालं.

महिन्याभरानं लाडू घेऊन मुद्दाम सीप्झला गेले. ती भेटली, पण तिला मी आठवतच नव्हते. "रोज कितीजणं चुकतात, मावशी! कोणकोण लक्षात ठेवू?" सगळा भार देवीवर टाकलाय असं मी समजत होते, पण माणसापुढे हात पसरायला माझा ताठा आड येत होता. देवीनं आधी तोच काढून घेतला.

निघताना तिचं नाव विचारलं. सुनंदा. आता आमच्या गाऱ्हाण्यात लेकीच्या नावामागोमाग तिचंही नाव असतं. यजमान विचारतात, "ही कोण गं आपली?" मी म्हणते, "घ्या हो नाव, देवी ओळखते तिला."