भिंतीला टेकलेला हात

माझी मुलगी जपानी चित्रकथा वाचत होती. एका रेस्टॉरंटच्या किचनमधली प्रेमकथा. "आई, हे पान बघ ना, किती गोड आहे!" म्हणत तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. शिकाऊ मुलगी भिंतीला टेकलेली, देखण्या शेफनं तिच्या डोक्याशेजारी हात टेकून वाट अडवलेली, आणि भोवती फुलंच फुलं.

मी तिच्या हातातून पुस्तक घेऊन मिटलं.

लग्नाआधी मी एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होते. एका दुपारी कोठीत तांदूळ काढायला गेले, तेव्हा मुख्य आचारी मागोमाग आला आणि त्यानं अस्साच हात भिंतीला टेकला. "घाबरतेस काय?" तो हसत म्हणाला. त्याच्या अंगाला कांद्याचा, घामाचा वास येत होता. मी तांदळाचं माप छातीशी घट्ट धरलं. तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशींनी बाहेरून मला हाक मारली आणि तो बाजूला झाला.

चित्राला वास नसतो. छातीतली धडधड त्यात काढता येते, पण ती प्रेमाची की भीतीची, हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मुलीला सांगितलं.

"मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलेच नाही."

"आणि तो?"

"तो तिथेच राहिला."

तिनं मिटलेलं पुस्तक बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या जागी कोण आलं ग, आई?"

इतक्या वर्षांत हे स्वतःला विचारायला मी धजले नव्हते.