सगळ्यांच्या हातचं पाणी

हरणाबाईचा उजवा गुडघा कायमचा आखडला, तेव्हा तिची मुलगी अंजना रांगत होती. त्याआधी हरणाबाई दर साली दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, अर्जुनाबरोबर, मेंढरांमागं निघायची. येरळा ओलांडून कृष्णाकाठ, तिथनं घाट उतरून कोकण, आणि वळीव पडायच्या सुमाराला परत मोरदऱ्याला. खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि मोरदरा म्हणजे त्यातली माळावरची एक वाडी. पाच-पन्नास घरं मराठ्यांची, त्याला लागून धनगरवस्ती, आणि ओढ्याच्या पल्याड महारवाडा.

एका उन्हाळ्यात तिच्या पोटरीवर फोड आला. फोड फुटून नारूचं, अंगात वाढणाऱ्या दोऱ्यासारख्या जंताचं, पांढरं टोक बाहेर आलं. नारू काडीवर गुंडाळत, रोज थोडाथोडा ओढून काढायचा असतो. हरणाबाईनं घाई केली. मेंढरांची कातरण चालू होती आणि बसून राहणं तिला जमेना. नारू आत तुटला, पाय भोपळ्याएवढा सुजला, आणि सूज उतरली तेव्हा गुडघा सरळ व्हायचा बंद झाला होता.

त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मोरदऱ्यात उन्हाळा आला की घरटी एखादं माणूस नारूनं पडलेलं असायचंच. ऐन पेरणीच्या तोंडावर कर्ती माणसं बाजेवर पडून कण्हत. देवाचा कोप म्हणून लोक कोंबडं कापत आणि गप्प बसत.

मेंढरांमागचं चालणं संपलं तशी हरणाबाई अंजनाला घेऊन गावातच राहिली. दोन शेळ्या घेऊन ती ओढ्याला बसायची. तिथंच तिची धुरपाशी ओळख झाली.

धुरपा महारवाड्यातली. गावची विहीर पायऱ्यांची होती. बायका घोट्याएवढ्या पाण्यात उतरून घागरी बुडवत. महारांना पायरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. वर उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरनं ओतायचं. एकदा त्यावरनं तंटा झाला, आणि महारवाड्यानं विहिरीचा नादच सोडला. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि करवंटीनं पाणी भरायचं. एक घागर भरायला तासन्‌तास बसावं लागे. पण पाणी वाळूतनं गाळून येई, काचेसारखं.

हरणाबाई आणि धुरपा आधी लांबनं बोलत, मग जवळनं. असंच एकदा पेरणीच्या दिवसांत महारवाड्यातली माणसं मराठ्यांच्या रानात कामाला चालली होती. हरणाबाई बघत राहिली आणि एकदम म्हणाली,

"धुरपा, तुमच्यातलं कुणी लंगडत कसं न्हाई गं?"

"कशापायी लंगडतील?"

"नारू. तुमच्यात कुणाला आला हुता का?"

धुरपानं आठवून बघितलं. "सासूला आल्याला, म्हणं. तवा आमी गावच्या हिरीचं पाणी प्यायचो."

म्हणजे खोट विहिरीच्या पाण्यातच होती. हरणाबाई त्या दिवशी शेळ्या लवकर घेऊन घरी गेली.

पण एका धनगरणीच्या अशा बोलण्याला कोण विचारतंय! ती ज्याला त्याला सांगत सुटली आणि लोक हसले. पुढं अंजना शेळ्या राखण्याएवढी झाली तोवर दुसरं महायुद्ध संपलं आणि आकाराम पलटणीतनं सुटून आला. तो हंबीररावांचा पुतण्या. हंबीरराव गावातले सगळ्यात वजनदार शेतकरी. आकारामानं चार वर्षं लष्करी इस्पितळात वॉर्डबॉयचं काम केलं होतं. हरणाबाईनं त्याला वाटेत गाठलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "आक्का, खरं हाय तुमचं. आमच्या डाक्टरांनी सांगितल्यालं. नारूचा पाय पाण्यात बुडला की त्याची बारीक पिल्लं पाण्यात सुटत्यात. तेच पाणी आपण पितो. हिरीत पाय जाताच कामा नये."

"मग पायऱ्या बुजवायच्या?"

"आणि प्यायचं काय? आड खणाय पायजे. अरुंद, पायऱ्या नसल्याला, कठडा बांधल्याला. वरनं शेंदायचं."

"पाणी कुठं लागंल?"

हे विचारताना हरणाबाईला उत्तर माहीत होतं. आकारामालाही. ओढ्याकाठच्या महारांच्या वतनी जमिनीत. तेवढ्याच एका जागी भर उन्हाळ्यात हिरवळ असायची.

पत्रीसरकारच्या दिवसांत गावानं आपले तंटे आपण मिटवायची सवय लावून घेतली होती, म्हणून निदान बैठक तरी बसली. देवळात महारांना येता येईना, तेव्हा खळ्यावर बसली. हंबीररावांनी आधीच सांगून टाकलं, "जागा त्यांची असंल तर त्यांच्या नावानं दुसरीकडं जमीन देऊ. आड गावचा हुईल. त्यांना वरनं वाढू, पैल्यासारखं."

महारवाड्यातली पुरुषमाणसं खाली बघत राहिली. मागनं धुरपा उठली.

"जागा आमी फुकाट देतो, आण्णा. खणायला बी येतो. पर वाढल्यालं पाणी नगं. आमचं पाणी आमी शेंदणार. त्याच रहाटावर, तुमच्या बायकांच्या बरुबर. त्ये हुत न्हाई तर आमचा झिरा आमाला बरा हाय. आमी काय लंगडत न्हाई."

हंबीरराव उठून गेले, आणि त्यांच्यामागं निम्मी बैठक गेली. राहिलेल्यांत आकाराम होता, नारूनं ज्यांची घरं बसली होती असे काही मराठे होते, आणि धनगरांतली हरणाबाई एकटी.

राहिलेल्यांनीच आड खणला. महार आणि मराठे एका खड्ड्यात उतरले, एकमेकांच्या डोक्यावर पाट्या दिल्या. घराघरातनं जोंधळा गोळा झाला. खणणाऱ्यांना तो वाटायची वेळ आली तेव्हा हरणाबाई आकारामाला म्हणाली, "माप एकच ठेव बाबा. महाराला एक आन्‌ मराठ्याला एक आसं नगं. बायांनी बी पाटी उचललीया." आकारामानं एकच माप ठेवलं. बाईला पुरुषाएवढा जोंधळा मोरदऱ्यात पहिल्यांदाच मिळाला.

पाणी चांगलं लागलं. वळवाच्या आधी कठडा झाला, रहाट बसला. महारवाडा आणि काही घरं तिथं शेंदू लागली. बाकीचे पायऱ्या उतरत राहिले.

आणि पुढच्या उन्हाळ्यात हरणाबाईच्या डाव्या पायाला फोड आला.

गावभर एकच बोलणं झालं. महारवाड्याचं पाणी बाधलं, आता भोगा. आड धरलेल्या आणखी दोन-तीन घरांत नारू निघाला होता. महारवाड्यात कुणालाच नव्हता, पण ते कोण बघतंय! दोन घरं परत विहिरीवर गेली. आकाराम दारोदार सांगत हिंडला, "आरं, नारू अंगात वरीसभर वाढतो. ह्यो गेल्या सालच्या पाण्याचा हाय. एक साल दम धरा."

हरणाबाईनं दम धरला, पण तिला उठता येईना. पाय आडाजवळ न्यायचा नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. अंजना शेळ्यांमागं असायची. दुसऱ्या दिवशी दारात सावली पडली. धुरपा घागर घेऊन उभी होती. उंबऱ्याबाहेरच ती थांबली.

"हितं ठेवू?"

"हितं ठेवून माझ्यापर्यंत चालत येणार हाय का ती? आत ये."

"आक्का, लोक बघत्यात."

"बघू द्यात. ये."

धुरपा आत आली. घागर ठेवून ती हरणाबाईच्या पायाशी बसली आणि काडी हातात घेतली. हरणाबाईनं घाईनं एक पाय घालवला होता. धुरपाला घाई नव्हती. रोज येऊन ती पाण्यानं जखम ओली करी, बोटभर नारू काडीवर घेई, फडकं बांधी आणि जाई.

धनगरांच्या पंचांनी हरणाबाईला वाळीत टाकलं. अंजनाचं ठरत आलेलं लग्न शेजारच्या वाडीकरांनी मोडलं. अंजना आईशी दोन दिवस बोलली नाही, आणि हरणाबाई तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. त्या दोन दिवसांत तिला आपण चुकलो असंही वाटून गेलं. तिनं ते धुरपालाही सांगितलं. धुरपा म्हणाली, "मग येऊ नगं का?" हरणाबाईनं पाय तिच्याकडं सरकवला. यायला नको असं ती म्हणू शकली नाही.

अशात अर्जुना कोकणातनं परतला. दारात आला तर घरात एक परकी बाई बायकोचा पाय मांडीवर घेऊन बसलेली. धुरपा दचकून उठू लागली.

"उठू नगंस," अर्जुना म्हणाला. "तुटंल त्यो." आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. नारूचं शेवटचं टोक त्याच दिवशी निघालं.

संध्याकाळी पंच नाथाजीनं त्याला बोलावलं. "अर्जुना, दंड भर, पंगत दे, आन्‌ त्या बाईचं येणं बंद कर."

अर्जुना गरीब बोलीचा माणूस. तो म्हणाला, "नाथाजी, मी कोकणापातुर जातो. वाटंत पाणी कुणाचं हाय ह्ये मेंढरं इचारत न्हाईत, आन्‌ मी बी त्यांच्याच संगं पितो. तवा तुमी मला कवा दंड लावला न्हाई. माझी बाई मरायची राह्यली, ती त्या बाईमुळं. दंड मी भरणार न्हाई. मेंढरं घिऊन मी आठ महिने भाईरच अस्तो, मला वाळीत टाकून तुमाला काय मिळणार?"

नाथाजीला हसू आवरेना, पण निकाल त्यानं बदलला नाही. अर्जुनाचं घर ते वर्षभर वाळीतच राहिलं.

मग दुसरा उन्हाळा आला. पायऱ्यांच्या विहिरीवरच्या घरांतली माणसं नेहमीसारखीच नारूनं पडली. हंबीरराव स्वतः दोन्ही पाय बांधून बाजेवर होते. आडावर शेंदणाऱ्या एकाही घरात नारू निघाला नाही. पेरणीला त्यांची झाडून सगळी माणसं रानात उभी होती, आणि ते सांगायला आकारामाला दारोदार जावं लागलं नाही.

पहिल्यांदा नाथाजीची सून आली. कठड्यापासून लांब घागर घेऊन घुटमळत राहिली. धुरपा शेंदत होती. तिनं दोर पुढं केला.

"घे, शेंद. पर कठड्यावर पाय दिऊ नगंस."

त्या सालच्या दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळं गाव आडावर आलं. पायऱ्यांची विहीर गुरांना राहिली. हंबीररावांच्या घरचं पाणी गडी नेई. ते स्वतः आडावर कधी आले नाहीत, पण त्या पाण्याला नाही म्हणाले नाहीत. महारांना देवळात येऊ देण्याचा प्रश्न तसाच राहिला. त्यावर पुढं बरीच भांडणं झाली, आणि त्या भांडणांत धुरपा पुढं असायची.

हरणाबाईचं घर पंचांनी गुपचूप जातीत घेतलं, दंडाचं नावही निघालं नाही. अंजनाचं लग्न फलटणकडच्या एका घरात झालं. मोडलेल्या सोयरिकीचे लोक परत बोलायला आले होते, पण अंजनाच नको म्हणाली.

हरणाबाईचा गुडघा काही सरळ झाला नाही. पहाटे आडावर गर्दी व्हायच्या आधी ती काठी टेकत जायची आणि कठड्याशी बसायची. कठड्यावर पाय देऊन कुणी वर चढलं की ओरडायची. पोरीबाळी तिला भ्यायच्या. धुरपा आली की दोघी सुपारी कातरत बसायच्या, आणि पाणी भरून झालं तरी दोघींनाही घरी जायची आठवण नसायची.