काचेचं कवेलू

आमच्या संस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये पार्वताबाई सव्वीस वर्षं आहेत. कुणाचीही फाइल मागा, चहा थंड व्हायच्या आत टेबलावर. पण गेल्या वर्षापासून त्या चुकायला लागल्या. शिपाई घनश्यामचे कागद दुसऱ्याच्याच फायलीत गेले, तेही दोनदा. भंडाऱ्याहून नवा चष्मा आणला, तरी तेच. अध्यक्ष भडकले, "बाईले गेटवर बसवा."

मी सेक्रेटरी, प्रफुल्ल. डोक्याने जरा गरम. मीही म्हणालो, बसवा. पार्वताबाई एवढंच बोलल्या, "डोयेच गेले असतीन जी, साहेब." आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते गेटवर काढायचं, याचं त्यांना फार लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेल्या.

मग बदलीचं पत्र टाइप करून सही घ्यायला मीच आंधळगावला त्यांच्या घरी गेलो. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. दिवा नाही, खिडकी एवढीशी. पत्र हातात घेतलं, बारीक अक्षरातल्या अटींसकट सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "साहेब, मी पार्वताबाई. तुमी पार्वतीबाई लिवलं. दुरुस्त करून आना, मंग सही करीन."

ता आणि ती! मला टाइप करताना दिसलं नव्हतं, ते या बाईला दिसलं.

"तुमाले इथं कसं काय दिसते हो?"

त्यांनी वर बोट दाखवलं. छपरात मातीच्या कौलांमध्ये एक काचेचं कवेलू होतं आणि उजेड थेट सुपात पडत होता. "आपल्या रेकॉर्ड रूमातबी चार होते की. तुमी छत लावलं, झाकले."

हात् तेरी! गेल्याच वर्षी ऑफिस साहेबी दिसावं म्हणून कवेलूंच्या खाली पांढरं छत मीच ठोकून घेतलं होतं. खिडकीपुढे कपाटही मीच लावलं. भर दुपारी ट्यूबलाइट जाळायच्या, लाइन गेली की चाचपडायचं, आणि दोष या बाईच्या डोळ्यांना! खरं सांगतो राजेहो, मला लाज वाटली.

रविवारी छत उतरवलं. काळी पडलेली चारही कवेलं घनश्यामनं वर चढून धुतली. खिडकीपुढचं कपाट भिंतीला सरकवलं. सोमवारी पार्वताबाई आल्या आणि आधी टेबल हातभर मागं ओढलं, ऊन कागदावर नको म्हणून. दुपारच्या झळीसाठी वर जुन्या धोतराचा पातळ पडदा बांधला. मी फाइल मागितली. चहा थंड व्हायच्या आत टेबलावर!

आता दिवसा तिथं एकही दिवा लागत नाही. माझ्या खोलीतला चालू दिसला, तर त्या येऊन खटकन बंद करतात. "काहून जाळता जी?" वर मलाच दटावतात.

परवा अध्यक्षांनी विचारलं, "त्या बदलीच्या पत्राचं काय झालं?"

म्हटलं, "नावात चूक आहे. दुरुस्त करायची राहिली."

दीड वर्ष मी ती दुरुस्त करणार नाही.