अक्कांचा आवाज उजेडातून आला

गुरुवारी सकाळी माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं शटर वर करतोय तोच हुपरीच्या सासू-सुना दारात हजर. सुनेच्या हातात व्हिडिओ कॅसेटसारखी दिसणारी एक टेप... आणि सासूच्या, म्हणजे अक्कांच्या, गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ.

बोलली सूनच. अक्का भजनी मंडळात गायच्या. तीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात येऊन त्यांनी एक पाळणा रेकॉर्ड केला, पण कॅसेट काही निघालीच नाही. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला... आता उरलीय नुसती कुजबुज.

"रविवारी माझ्या लेकीचं बारसं हाय, दादा. पाळणा अक्कांच्याच आवाजात पायजे."

टेप हातात घेऊन मी उजेडात धरली. आठ ट्रॅकची, म्हणजे गाणं आणि वाद्यं वेगवेगळी साठवणारी जुनी डिजिटल टेप, कडेनं बुरशी धरलेली. एकदा चालली तर चालली, दुसऱ्यांदा भरवसा नाही.

ती वाजवणारं मशीन जयसिंगपूरच्या मित्राकडून आणलं. पण ते आवाज बाहेर देतं तो उजेडाच्या रूपात, एका बारीक वायरमधून! माझं मशीन दुसऱ्या कंपनीचं, त्याला ही भाषाच कळत नाही. म्हणून दोघांच्या मधे एक दुभाषी डबा बसवला.

शनिवारी दोघी परत आल्या. वायरच्या टोकाला लाल ठिपका चमकत होता, अक्का वाकून बघतच राहिल्या.

"ह्यातनं माझा आवाज जाणार व्हय?"

मी ऐटीत हो म्हटलं. आधी मित्राच्याच एका टेपवर ट्रायल घेतली... आवाज आला, पण मधे मधे टक्... टक्. वायर बदलली, डबा पुसला, सगळ्या पिना काढून पुन्हा लावल्या. वीस वर्षं या धंद्यात आहे, पण घाम फुटला.

अक्का डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला जवळ बोलावून कुजबुजल्या, "ठरल्या अंतरानं येतंय बघ. दोन टाळकऱ्यांनी आपापला ठेका धरला की असंच हुतंय. एकानं धरायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागनं जायाचं."

मी चाट पडलो. दोन्ही मशीनं आपापल्या आतल्या घड्याळावर चालली होती... अगदी पहिल्या धड्यातली चूक! माझ्या मशीनला दुसऱ्याच्या घड्याळामागून चालायला लावलं. टक् बंद.

मग देवाचं नाव घेऊन अक्कांची टेप लावली. आठही ट्रॅक माझ्या मशीनमध्ये उतरत होते, पण ऐकायला मी फक्त अक्कांचा ठेवला... आणि खोलीत तो आवाज उभा राहिला. स्वच्छ, खणखणीत. अंगावर काटा आला हो! समोर अक्कांचे नुसते ओठ हलत होते आणि सुनेनं तोंडाला पदर लावला होता.

पाळणा संपला. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात टेपवरच्या तरुण अक्कांनी विचारलं, "बरं झालं का ओ? का परत म्हणू?"

मी हात मागे घेतला. मग समोरच्या अक्का स्पीकरकडे बघून कुजबुजल्या, "बरं झालंय गं... ऱ्हाऊ दे आता."

टेप बाहेर काढली तर आत गुंतून तुटली होती.

आज बारसं झालं. स्पीकरवर अक्का पुढे आणि गल्लीतल्या बाया त्यांच्या मागनं... पाळण्याची दोरी अक्कांच्याच हातात होती. आम्ही मशीनवाले उगाच मिजास करतो. अक्का, तुमच्या कानाला माझा दंडवत.