माझ्या कोटातले शास्ते

बायबलमध्ये एवढी मोठमोठी माणसं पडलेली असताना आमच्या शास्त्यांचा लाडका कोण, तर इब्सान. तुम्हांला आठवत नसेल. कुणालाच आठवत नाही. इस्राएल लोकांत राजे यायच्या आधी न्यायनिवाडा करणारे जे शास्ते होऊन गेले, त्यांतला हा एक किरकोळ शास्ता. वाट्याला जेमतेम दोन-तीन ओळी. तीस मुलगे, तीस मुली. मुली बाहेरच्यांत दिल्या, सुना बाहेरून आणल्या, काही वर्षं निवाडे केले आणि वारला. बर्मिंगहॅममध्ये आमची मराठी उपासना रविवारी दुपारी भरते, इंग्रज मंडळी घरी गेली की त्यांच्याच हॉलमध्ये. तिथे संदेश द्यायची पाळी आली की हे गृहस्थ त्या दोन-तीन ओळींवर पाऊण तास बोलत. म्हणून त्यांचं नाव शास्ते. तोंडावर अर्थात अंकल.

"शमशोनही शास्ताच, मग त्याच्यावर पानंच्या पानं का लिहिली?" ते विचारत. "कारण त्यानं घोळ घातले! इब्सानाच्या वेळी सगळे जेवून गप झोपत होते. माणसानं असं जगावं, की लिहिणाऱ्याला काही मिळूच नये." यावर मागच्या रांगेतून सगळ्यांत मोठं ‘आमेन’ माझं असे. नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण माझं लक्ष किचनमधून येणाऱ्या समोशांच्या वासाकडे.

अंकल हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून रिटायर झालेले. मंडळीत भांडण झालं की त्यांना बोलावणं जाई. त्यांची पद्धत ठरलेली. एका पक्षाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, सगळं ऐकायचं आणि उठताना म्हणायचं, "तुझं खरं आहे." दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या पक्षाकडे, तिथेही चहा, तिथेही "तुझं खरं आहे." ख्रिसमसला पेटी वाजवायची की कीबोर्ड, यावरून दोन घरं बोलेनाशी झाली होती, त्या वर्षी दोन्ही वाजलं आणि दोघांनाही वाटलं, आपणच जिंकलो. "समोरासमोर कधी बसवू नये," ते मला एकदा म्हणाले. "दोघंही खरं बोलायला लागतात. मग मिटत नाही."

म्हणजे बघा, मला त्यांची युक्ती ठाऊक होती. तिच्यावर मी पोट धरून हसलोही होतो. तरीही माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, मला मात्र ते खरंच सांगतायत.

माझी मृदुला एडिनबराला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. तिची आई नाही. जो काही गोतावळा, तो मीच. एके दिवशी तिचा फोन. "बाबा, मी कॅलमशी लग्न करते. माझी डिसिजन झाला आहे."

"माझं डिसिजन झालं आहे, म्हण," मी म्हणालो. आधी व्याकरण सुधारलं, मग किंचाळलो. मुलगा आपला नाही, मंडळीतला नाही, चर्चची पायरी चढलेला नाही. नगरला भावांना मी काय तोंड दाखवू? "असलं लग्न होणार असेल तर मी येणार नाही," असं सांगून मी फोन ठेवला. मनात हिशोब असा, की पोरगी घाबरेल आणि परत फोन करील. तिनं नाही केला.

तेव्हा मी अंकलना घरी बोलावलं. त्यांनी चहा घेतला, सगळं ऐकलं. "तुझं खरं आहे," ते म्हणाले. "मी जाऊन येतो तिकडे. तुझा तो निळा कोट दे रे. एडिनबराला वारा फार." मी कोटाला इस्त्री करून दिली. वर ट्रेनमध्ये खायला मेथीचे ठेपले बांधून दिले.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. "मिटलं बघ. आता इथे काही भांडण उरलेलं नाही."

"नक्की ना, अंकल?"

"नक्की. शांतपणे झोप."

मी झोपतो कसला! दुसऱ्याच दिवशी हॉल मिळवला, मटण बिर्याणी केली आणि अख्ख्या मंडळीला उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला बोलावलं. माझ्या लेकीला देवानं सुबुद्धी दिली म्हणून मी डोळे मिटून, गहिवरून आभार मानत होतो, आणि खिशाखिशांतले फोन किणकिणू लागले. कुणाच्या तरी एडिनबराच्या भाचीनं मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. रजिस्ट्रारच्या ऑफिसच्या पायऱ्या. मृदुला तिच्या आईच्या मोतिया रंगाच्या साडीत. शेजारी किल्ट घातलेला, उघड्या गुडघ्यांचा कॅलम. आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन, बापाच्या जागी, शास्ते. माझ्या कोटात. कॉलरला फूल.

बिर्याणी मात्र कुणी टाकली नाही. काहींनी दुसऱ्यांदा घेतली.

ज्या माणसानं वर्षानुवर्षं माझ्यासमोर उभं राहून मुली बाहेर देणाऱ्या बापाचे गोडवे गायले, त्यालाच मी पोरीचं बाहेरचं लग्न मोडायला पाठवलं होतं. ठेपले देऊन.

सोमवारी ते कोट घेऊन दारात आले, ड्राय-क्लीन करून, प्लॅस्टिकमध्ये.

"तुम्ही म्हणालात, माझं खरं आहे!"

"होतंच. तिचंही होतं."

"तिथे उभं राहायचा मान माझा होता, अंकल."

"येणार नाही, असं तूच सांगितलं होतंस तिला. मग पोरीनं एकटीनं पायऱ्या चढायच्या?"

"मला फोन करायचा!"

"केला असता तर आला असतास. भांडायला."

"आलोच असतो!"

"म्हणून केला नाही." मग कोट माझ्या हातात देत म्हणाले, "बापाचा कोट तरी हजर होता ना."

मी त्यांना चालते व्हा म्हणालो; वडीलधाऱ्या माणसाला, तोंडावर. ते वळले, गेटशी थांबले. "रागाव. हवा तेवढा रागाव माझ्यावर. पोरीवर नको."

त्यानंतर आमचं बोलणं संपलं. रविवारी त्यांची पाळी असली की मी कार पार्किंगमध्ये जाऊन बसत असे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीला मृदुला आणि कॅलम आले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत कॅलम होता. मी मागे उभा. नंतर चहाच्या वेळी जो तो डोळे पुसत सांगत होता, "अंकल नेहमी माझ्या बाजूचे."

आता मृदुला दर आठवड्याला फोन करते. मागून कॅलम मोठ्यानं "बाबा, जेवलात का?" विचारतो, आणि मी "हो बाळा" म्हणतो. लोक म्हणतात, म्हातारा गेला, आता तरी राग सोड. सोडला असता हो. पण माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाच्या फोटोत मी नाही, याचा राग कुणावर तरी हवाच. शास्त्यांवरून उतरवला, तर ठेवायला दोनच माणसं उरतात. एक ती, एक मी. त्यापेक्षा शास्तेच बरे.