राखेची वीट

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी चेन्नईत राखेच्या विटा विकायचो. औष्णिक वीजकेंद्रातली राख, थोडं सिमेंट, वाळू. साच्यात दाबायचं, पाणी मारायचं, झालं. भट्टी नाही की कोळशाचा धूर नाही. वेस्ट मांबलममधले माझे घरमालक, मूळचे तंजावरकडचे मराठी, वरचा मजला बांधायला निघाले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात नमुन्याची वीट त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"राखेचं घर? छे! राख काय घरात आणायची वस्तू आहे?"

आणि हे सांगणाऱ्याच्या कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे! माझं डोकंच फिरलं. पण मी पडलो भाडेकरू. कॉफी संपवून पेला खाली ठेवला. त्यांच्या बायकोने, त्यांना सगळे मामीच म्हणायचे, पेला उचलता उचलता विचारलं, "मग रोज कपाळाला काय लावता हो?"

ऑर्डर मिळाली.

पहिल्या विटेच्या पूजेला मालकांनी विभूतीत बुडवलेली तीन बोटं विटेवर ओढली. त्या करड्या रंगावर काही उमटेचना. पुन्हा ओढली, तरी तेच. मग गुरुजींकडे बघून म्हणाले, "राहू द्या. ही लावूनच आलीय."