पेटीला लावलेलं कुंकू

"माई गेली गो," आप्पांचा फोन आला तेव्हा मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, लॅबमध्ये, पहिल्या पाळीला होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आणि ते पिस्तूल… जिथं हाय तिथंच हाय. मी हात लावला नाय." सख्खी बहीण गेल्यावर माणूस पिस्तुलाचं कशाला बोलेल? पण आमच्या घरात माईआत्या आणि ते पिस्तूल यांची नावं वेगळी घ्यायची पद्धतच नव्हती.

पोलादपूरच्या शाळेत आत्यानं आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला खपायचं नाही. आजोबा फौजेत होते. त्यांचं परवान्याचं जुनं पिस्तूल त्यांच्या इच्छेनं तिच्या नावावर झालं. मुलाचं मनगट सैल, असं ते म्हणायचे, आणि हे आप्पांना कायम डाचलं. "म्हातारं हत्यार हाय, एक दिवस हातातच फुटेल. ठाण्यात जमा करून टाक," हे त्यांचं पालुपद. आत्याला मात्र त्या पिस्तुलाचा स्वभाव पाठ होता. गोळ्यांची मॅगझिन भरून ठेवली की आतली स्प्रिंग दमते, म्हणून ती रिकामीच ठेवायची. मनगट ढिलं सोडलं की पुढची गोळी अडकते. सेफ्टीच्या खटक्यावर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन काढायची, स्लाइड मागं ओढायची, करंगळी आत घालून चाचपायची आणि मोठ्यानं म्हणायची, "रिकामं हाय!" घरात दुसरं कुणी नसलं तरी. आम्ही खूप हसायचो.

एका दसऱ्यानंतर बहीणभावाची पैज लागली. पुण्याकडच्या नेमबाजीच्या रेंजवर अख्खी मॅगझिन चालवायची. अडकलं तर पिस्तूल जमा, नाही अडकलं तर आप्पांनी पुन्हा तो विषय काढायचा नाही. निघताना आत्या थट्टा करत होती, पण घाटभर पिस्तुलाची पेटी मांडीवर घट्ट धरून बसली. पिस्तूल गेलं तर वडिलांनी तिच्यावर टाकलेला विश्वासच खोटा पडणार होता.

पहिली गोळी सुटली. दुसरी अडकली! आप्पांनी चक्क टाळी वाजवली. आत्यानं नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवली, चापावरचं बोट काढलं, क्षणभर थांबली, मग मॅगझिन काढून अडकलेली गोळी बाहेर पाडली. उघडून बघते तर आत खोबरेल तेलात कालवलेलं हळदकुंकू आणि एक अख्खी अक्षत. आईनं शस्त्रपूजा मन लावून केली होती. आत्यानं पूजेनंतर वरून पुसलं होतं, पण आत इतकं गेलं असेल हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"चूक पिस्तुलाची नाय रे आप्पा, तुझ्या बायकोच्या भक्तीची हाय!"

"अडकलं ते अडकलं," आप्पा हटून बसले. शेवटी रेंजवरच्या प्रशिक्षकांनी हसत मध्यस्थी केली, पुन्हा एकदाच. आत्यानं सगळे भाग टेबलावर मांडले, एकेक पुसला, पातळ तेलाचा नुसता हात फिरवला. मग पाय रोवून उभी राहिली… आणि सगळ्या गोळ्या एकामागून एक सुटल्या, कुठं अडखळणं नाही की काही नाही. स्लाइड मागं जाऊन थांबली. करंगळी आत. "रिकामं हाय!" ती ओरडली. इतकी आनंदात मी तिला कधीच पाहिली नव्हती. त्या वर्षापासून आमच्याकडे दसऱ्याला कुंकू पेटीला लागतं, पिस्तुलाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर आप्पा आणि मी पिस्तूल ठाण्यात ठेवायला गेलो. परवाना दुसऱ्या कुणाच्या नावावर होईपर्यंत ते तिथंच राहणार. हवालदारांनी पेटीकडे हात नेला.

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. त्यांनी पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडे धरून मॅगझिन काढली, स्लाइड ओढली, करंगळी आत घातली… आणि भरल्या ठाण्यात खणखणीत आवाजात म्हणाले, "रिकामं हाय!"

सगळे वळून बघू लागले. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

"परवाना तुमच्या नावावर करायचा ना?" हवालदारांनी विचारलं.

"नाय. माझं मनगट सैल हाय." आप्पांनी मला पुढं केलं. "हिच्या नावावर. माईनं शिकवलेली हाय ही."

रिकामी पेटी आम्ही घरी आणली. झाकणावर गेल्या दसऱ्याचं कुंकू आहे, आत्याच्या बोटाचं. आईला सांगून ठेवलंय, ते पुसायचं नाही.